वैद्यकीय उपकरणांची देखभाल

वैद्यकीय उपकरणांची देखभाल म्हणजे रुग्णालयात निदान, उपचार व देखरेख यांसाठी वापरली जाणारी उपकरणे सुरक्षित, अचूक आणि चालू स्थितीत राहावीत म्हणून केली जाणारी तपासणी, स्वच्छता, अंशांकन, सुट्या भागांची बदली व दुरुस्ती होय. रक्तदाबमापकापासून क्ष-किरण यंत्रापर्यंत आणि सूक्ष्मदर्शकापासून कृत्रिम श्वसनयंत्रापर्यंत सर्व उपकरणांचा यात समावेश होतो. हे काम जैववैद्यकीय अभियंते, तंत्रज्ञ आणि प्रत्यक्ष उपकरण हाताळणारे परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व अन्य कर्मचारी यांच्यात विभागलेले असते.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपकरणे खरेदी करण्यापेक्षा ती चालू ठेवणे अधिक अवघड ठरते. निधी, सुटे भाग आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा तुटवडा, अनियमित वीजपुरवठा आणि प्रतिकूल हवामान ही त्याची प्रमुख कारणे होत. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीसारख्या अतिवृष्टीच्या तालुक्यांत यांपैकी हवामान आणि वीज यांचा प्रश्न विशेष ठळकपणे जाणवतो.

संज्ञा व प्रकार

देखभालीचे दोन मुख्य प्रकार आहेत. ठरावीक कालावधीने, उपकरण चालू असतानाच केलेल्या कामास प्रतिबंधक देखभाल म्हणतात. बिघाड झाल्यानंतर केलेल्या कामास दुरुस्ती किंवा सुधारक देखभाल म्हणतात. प्रतिबंधक देखभालीत गाळण्या धुणे, रबरी गॅस्केट बदलणे, वंगण देणे, तारा व जोडण्या तपासणे आणि विद्युत सुरक्षा चाचणी घेणे अशी कामे येतात.

अंशांकन, म्हणजेच कॅलिब्रेशन, ही यांहून वेगळी क्रिया आहे. उपकरण दाखवत असलेले मूल्य प्रमाणित साधनाच्या मूल्याशी पडताळून पाहणे व फरक असल्यास तो दूर करणे, असा तिचा अर्थ आहे. बंद पडलेले उपकरण निदान आपली अवस्था तरी लपवत नाही. चालू असूनही चुकीचे मूल्य दाखवणारे उपकरण त्याहून घातक असते. गरोदरपणात १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब हा धोक्याचा इशारा मानला जातो. रक्तदाबमापक १० मिलिमीटरने कमी दाखवत असेल, तर प्रत्यक्षात १४६/९४ रक्तदाब असलेल्या मातेची नोंद १३६/८४ अशी होते आणि तिला निर्धोक समजून घरी पाठवले जाण्याची शक्यता असते.

उपकरण वर्षभरात किती काळ वापरण्यायोग्य होते, याच्या टक्केवारीस कार्यरत काळ किंवा अपटाइम म्हणतात. दुरुस्तीपलीकडे गेलेले उपकरण शासकीय नोंदीतून कमी करण्याच्या प्रक्रियेस निर्लेखन म्हणतात. निर्लेखन वेळेवर न झाल्यास निकामी उपकरणे जडवस्तू नोंदवहीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. परिणामी रुग्णालयाकडे ते उपकरण आहे, असे कागदोपत्री दिसते आणि नव्याची मागणी मागे पडते.

समस्येचे स्वरूप

इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेरी व माल्किन यांच्या अभ्यासात १६ देशांतील १,१२,०४० उपकरणांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी ४२,९२५ म्हणजे ३८.३ टक्के उपकरणे बंद असल्याचे आढळले. प्रशिक्षणाचा अभाव, व्यवस्थापनातील त्रुटी आणि अपुऱ्या पायाभूत सुविधा अशी तीन कारणे या अभ्यासात पुढे आली.

त्याआधी इ.स. २०१० मध्ये माल्किन व कीन यांनी साधनांची टंचाई असलेल्या ६० रुग्णालयांतील दुरुस्तीच्या २,८४९ मागण्यांचे विश्लेषण केले होते. साध्या विद्युत व यांत्रिक दुरुस्त्या, वीजपुरवठ्याचे भाग, नळजोडण्या, मोटारी आणि उपकरणाची मांडणी व वापराचे प्रशिक्षण या क्षेत्रांतील केवळ १०७ कौशल्ये शिकलेला तंत्रज्ञ बंद उपकरणांपैकी सुमारे ६६ टक्के उपकरणे पुन्हा चालू करू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुटलेली तार, जळालेला फ्यूज, सैल झालेला प्लग, तुंबलेली गाळणी किंवा कर्मचाऱ्याला माहीत नसलेले एखादे बटण, अशा किरकोळ कारणांनी महागडी उपकरणे निरुपयोगी ठरू शकतात, हे या निष्कर्षातून स्पष्ट होते.

मे २००७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्य तंत्रज्ञानाविषयी ठराव संमत करून सदस्य देशांना उपकरणांच्या नियोजनाची व व्यवस्थापनाची राष्ट्रीय व्यवस्था उभारण्याचे आवाहन केले. जागतिक आरोग्य संघटनेने इ.स. २०११ पासून वैद्यकीय उपकरणांवरील तांत्रिक पुस्तिकांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्यात उपकरणांची नोंद, देखभालीचे नियोजन आणि देणगीत मिळणारी उपकरणे यांवर स्वतंत्र पुस्तिका आहेत.

खर्चाचे स्वरूप

उपकरणाची खरेदी किंमत हा त्याच्या एकूण खर्चाचा केवळ दृश्य भाग असतो. वाहतूक, उभारणी, प्रशिक्षण, वीज, रसायने, कागद, नळ्या, प्रोब, सुटे भाग आणि शेवटी विल्हेवाट यांचा खर्च उपकरणाच्या संपूर्ण आयुष्यभर चालू राहतो. देखभालीसाठी दरवर्षी खरेदी किमतीच्या साधारण ५ ते १० टक्के रक्कम लागते, असे नियोजनात गृहीत धरले जाते. उदाहरणार्थ, १० लाख रुपयांच्या उपकरणावर दरवर्षी ६ टक्के खर्च धरल्यास १० वर्षांत ६ लाख रुपये केवळ देखभालीस लागतात. खरेदीच्या वेळी या रकमेची तरतूद न केल्यास हमी काळ संपताच उपकरण अनाथ होते.

हमी काळानंतर रुग्णालयापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. वार्षिक देखभाल करारात तंत्रज्ञाच्या सेवेचा समावेश असतो, मात्र सुट्या भागांची किंमत वेगळी द्यावी लागते. सर्वसमावेशक देखभाल करारात सुटे भागही धरलेले असतात. त्यामुळे त्याचा दर अधिक असतो. तिसरा पर्याय म्हणजे रुग्णालयाच्या किंवा जिल्ह्याच्या स्वतःच्या तंत्रज्ञांकडून काम करून घेणे. गुंतागुंतीच्या यंत्रांसाठी सर्वसमावेशक करार आणि साध्या, संख्येने अधिक असलेल्या उपकरणांसाठी स्वतःचे तंत्रज्ञ, असा मिश्र मार्ग किफायतशीर मानला जातो. निविदेतच पुढील काही वर्षांच्या देखभालीचे दर मागवून खरेदी किंमत व देखभाल यांची बेरीज करून तुलना केल्यास स्वस्त दिसणारे पण पुढे महाग पडणारे उपकरण ओळखता येते.

अल्प खर्चातील देखभाल

दैनंदिन देखभालीचा मोठा भाग उपकरण वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती असतो आणि त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

सूक्ष्मदर्शक: क्षयरोगाची थुंकी तपासणी आणि हिवतापाची रक्त तपासणी यांसाठी सूक्ष्मदर्शक आवश्यक असतो. दमट हवेत त्याच्या भिंगांवर बुरशी वाढते, प्रतिमा धूसर होते आणि जंतू नजरेतून निसटू शकतात. वापरानंतर तेलभिंग भिंगांच्या मऊ कागदाने पुसणे, उपकरण बंद कपाटात ठेवणे, कपाटात कमी शक्तीचा दिवा लावून हवा किंचित उबदार राखणे किंवा सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे हे त्यावरील उपाय होत. निळ्या रंगाचे सिलिका जेल ओलावा शोषल्यावर गुलाबी होते. ते तापवून कोरडे केल्यास पुन्हा वापरता येते.

ऑटोक्लेव्ह: शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करण्यासाठी सामान्यतः १२१ अंश सेल्सिअस तापमानाची दाबयुक्त वाफ वापरली जाते. झाकणाचे गॅस्केट चिरले, तर वाफ गळते व अपेक्षित तापमान गाठले जात नाही. पाण्यातील क्षारांचे थर तापक घटकावर बसू नयेत यासाठी शुद्ध पाणी वापरणे आणि सुरक्षा झडप नियमित तपासणे आवश्यक असते.

ऑक्सिजन काँसन्ट्रेटर: हे यंत्र हवेतील नायट्रोजन झिओलाइट या पदार्थात शोषून घेऊन ऑक्सिजनचे प्रमाण वाढवते. बाहेरची गाळणी धुळीने भरल्यास यंत्र तापते. झिओलाइटमध्ये ओलावा शिरल्यास ऑक्सिजनची शुद्धता घटते. यंत्राचा आवाज व हवेचा प्रवाह पूर्ववत असला तरी शुद्धता कमी झालेली असू शकते. म्हणून ती मापकाने तपासावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ती किमान ८२ टक्के असली पाहिजे.

बेबी वॉर्मर: नवजात बालकाच्या त्वचेला लावलेल्या संवेदकावरून या यंत्राची उष्णता नियंत्रित होते. संवेदक सुटला किंवा त्याची तार आतून तुटली, तर यंत्र बालकाला गरजेपेक्षा अधिक तापवू शकते. तारा गुंडाळताना त्यांना तीव्र बाक न देणे ही साधी सवय संवेदकाचे आयुष्य वाढवते.

क्ष-किरण यंत्र: या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. किमान दर २ वर्षांनी गुणवत्ता हमी चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. येथे देखभालीचा संबंध केवळ चित्राच्या स्पष्टतेशी नसून रुग्ण व कर्मचारी यांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेशीही असतो.

भारतातील धोरण

केंद्र शासनाने राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत इ.स. २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरण व्यवस्थापन व देखभाल कार्यक्रम सुरू केला. त्यापूर्वी देशभरातील शासकीय आरोग्य संस्थांतील उपकरणांची मोजदाद करण्यात आली. २९ राज्यांतील २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये सुमारे ४,५६४ कोटी रुपये किमतीची ७,५६,७५० उपकरणे असल्याचे त्यातून दिसून आले. राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती.

या कार्यक्रमात प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो, बिघाडाची तक्रार दूरध्वनीवरून एका केंद्राकडे नोंदवली जाते आणि देखभालीचे काम निविदेद्वारे निवडलेल्या सेवासंस्थेकडे सोपवले जाते. उपकरणांच्या एकूण मूल्याच्या ठरावीक टक्केवारीनुसार तिला मोबदला मिळतो आणि उद्दिष्ट न गाठल्यास दंड आकारण्याची तरतूद असते. जिल्हा रुग्णालयांसाठी ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ८० टक्के कार्यरत काळाचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालये ही सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या स्तरावरील संस्था होत.

किरकोळ दुरुस्तीसाठी संस्थेच्या स्तरावर अबंधित निधी उपलब्ध असतो व त्याच्या विनियोगात रुग्ण कल्याण समितीची भूमिका असते. फ्यूज, तार किंवा गॅस्केट यांसारख्या वस्तूंसाठी जिल्ह्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये, हा यामागील एक उद्देश आहे.

शीतसाखळीचे उदाहरण

लसीकरणाची शीतसाखळी हे भारतातील नियमित देखभालीचे जुने व सर्वदूर पसरलेले उदाहरण आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये बर्फाचे अस्तर असल्यामुळे दिवसाकाठी ८ तास वीज मिळाली तरी तापमान टिकून राहू शकते. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा करण्याची पद्धत आहे आणि जिल्हा स्तरावर शीतसाखळी तंत्रज्ञांची पदे आहेत. या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र आहे. इ.स. २०१५ पासून ई-विन या प्रणालीद्वारे लससाठा व तापमान यांवर दूरस्थ देखरेख ठेवली जाऊ लागली.

स्थानिक वीजपुरवठ्याला साजेसे उपकरण, नेमून दिलेला तंत्रज्ञ आणि रोजची नोंद या तीन गोष्टी एकत्र आल्यास दुर्गम केंद्रातही उपकरण चालू राहू शकते, हे या व्यवस्थेतून दिसते.

इगतपुरी तालुका : हवामान व भूगोलाचा परिणाम

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, थळ घाटाच्या माथ्यावर वसलेल्या इगतपुरी येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्याच जिल्ह्यातील येवला, नांदगाव हे पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण आहेत. त्यामुळे एकाच जिल्ह्यात उपकरणांचे शत्रू बदलतात: पश्चिमेस ओलावा, बुरशी व गंज, तर पूर्वेस धूळ व उष्णता. संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच देखभाल वेळापत्रक आखल्यास ते दोन्हीकडे अपुरे पडण्याचा संभव असतो.

तालुक्यात इगतपुरी व घोटी येथे ग्रामीण रुग्णालये असून त्यांच्या खालच्या स्तरावर प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे आहेत. तालुक्यात आदिवासी लोकवस्ती मोठी आहे आणि अनेक वाड्या-पाडे मुख्य रस्त्यांपासून दूर आहेत. रेल्वे, मुंबई-आग्रा महामार्ग व समृद्धी महामार्ग यांमुळे इगतपुरी शहर मुंबई व नाशिकशी उत्तम जोडलेले आहे. रस्ते व रेल्वेच्या या सोयीमुळे तंत्रज्ञाला शहरापर्यंत पोहोचणे सोपे असते. पावसाळ्यात आडवळणाच्या पाड्याजवळील केंद्रापर्यंत जाणे मात्र तितके सोपे नसते.

कार्यरत काळाच्या उद्दिष्टांचा अर्थ अशा ठिकाणी काळजीपूर्वक लावावा लागतो. ९५ टक्के म्हणजे वर्षातील सुमारे १८ दिवस, ९० टक्के म्हणजे सुमारे ३६ दिवस आणि ८० टक्के म्हणजे ७३ दिवस उपकरण बंद राहण्याची मुभा होय. जून ते सप्टेंबर या काळात १२२ दिवस असतात. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपकरण या काळात ७३ दिवस बंद राहिले आणि उरलेले वर्षभर चालले, तर वार्षिक उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद होईल. प्रत्यक्षात मात्र पावसाळ्याच्या निम्म्याहून अधिक दिवसांत ते उपलब्ध नसेल. सर्पदंश, जलजन्य आजार व हिवताप यांचा जोर याच महिन्यांत असतो, बिघाडास पोषक हवामानही याच महिन्यांत असते आणि रस्तेही याच महिन्यांत अडतात. म्हणून अतिवृष्टीच्या भागात वार्षिक सरासरीबरोबर ऋतुनिहाय नोंद ठेवणे अर्थपूर्ण ठरते.

अशा भागात मे महिन्यात पावसाळापूर्व तपासणी करणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे. अर्थिंग व विजेच्या जोडण्या तपासणे, व्होल्टेज स्थिरक व बॅटऱ्यांची चाचणी, भिंतीतील ओल असलेल्या जागेवरून उपकरणे हलवणे, सिलिका जेल बदलणे आणि लागणारे सुटे भाग आधीच आणून ठेवणे यांचा त्यात समावेश होतो. इगतपुरीस या तत्त्वाचे एक परिचित उदाहरण रेल्वेत आढळते. थळ घाटातील चढ ३७ मीटरमागे १ मीटर इतका तीव्र असल्याने मुंबईकडे घाट उतरण्यापूर्वी गाड्यांच्या ब्रेकची चाचणी येथे घेतली जाते. ती उतारापूर्वी घेतली जाते, यातच प्रतिबंधक देखभालीचे सार आहे.

सुरक्षा व दुर्घटना

उपकरणे आणि त्यांना जोडलेल्या यंत्रणा यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्रात इ.स. २०२१ मधील दुर्घटनांमुळे ऐरणीवर आला. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला. ७ बालकांना वाचवण्यात यश आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या चौकशीत बेबी वॉर्मरच्या नियंत्रण पॅनेलमधील ठिणगीचा उल्लेख झाला. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले.

या घटनांनंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा, विद्युत व ऑक्सिजन यंत्रणांच्या तपासणीवर भर देण्यात आला. उपकरणाची देखभाल त्याच्या आवरणापाशी संपत नाही. भिंतीतील वीजवाहिनी, वायूची नळी, धूर ओळखणारी यंत्रणा आणि रात्री कक्षात उपस्थित असलेला प्रशिक्षित कर्मचारी हेही त्याच साखळीचे दुवे असतात, हे या दुर्घटनांनी दाखवून दिले.

मतभेद व मर्यादा

बाह्य सेवासंस्थेकडे काम सोपवावे की शासनाने स्वतःचे तंत्रज्ञ नेमावेत, याविषयी मतभेद आहेत. बाह्य संस्थेमुळे उद्दिष्टे व दंड यांची स्पष्ट चौकट मिळते आणि अनेक कंपन्यांच्या उपकरणांसाठी एकच संपर्क पुरतो. याउलट, एकूण मूल्यावर मोबदला दिल्यास जुनी, न वापरली जाणारी उपकरणेही हिशेबात राहण्याचा धोका असतो आणि करार संपल्यावर अनुभव संस्थेबरोबर निघून जातो. स्वतःच्या तंत्रज्ञांमुळे हा अनुभव जिल्ह्यात टिकतो; परंतु रिक्त पदे व बदल्या यांमुळे त्यातही खंड पडू शकतो.

दुसरा वाद दुरुस्तीच्या अधिकाराचा आहे. काही उत्पादक दुरुस्तीच्या पुस्तिका देत नाहीत किंवा उपकरणाची संगणकप्रणाली संकेतशब्दाने बंद ठेवतात. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी दुरुस्ती अधिकृत व्यक्तीनेच करावी, असा उत्पादकांचा युक्तिवाद असतो; त्यामुळे किरकोळ बिघाडासाठीही महागडी सेवा घ्यावी लागते, असा रुग्णालयांचा आक्षेप असतो. भारतात इ.स. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. तिने आरंभी शेती अवजारे, भ्रमणध्वनी व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. वैद्यकीय उपकरणे त्यांत नव्हती.

देणगीत मिळणाऱ्या उपकरणांबाबतही सावधगिरीचा सल्ला दिला जातो. पुस्तिका, सुटे भाग, योग्य व्होल्टेज आणि स्थानिक सेवा उपलब्ध नसल्यास देणगी रुग्णालयावर भार ठरते. त्यामुळे देणगी स्वीकारण्यापूर्वी गरज, जागा, वीज, चालवणारा कर्मचारी आणि पुढील देखभालीचा खर्च यांची खातरजमा करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शासकीय खरेदीलाही हेच निकष लागू पडतात. चालवणारा तंत्रज्ञ नसल्याने खोक्यातच राहिलेले यंत्र तांत्रिकदृष्ट्या बिघडलेले नसते, तरीही रुग्णाच्या दृष्टीने ते बंदच असते.

मनुष्यबळ व संशोधन

जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे शिक्षण महाराष्ट्रात पदवी स्तरावर उपलब्ध आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे इ.स. २०१४ मध्ये राज्य शासनाच्या साहाय्याने बेटिक हे वैद्यकीय उपकरण संशोधन केंद्र सुरू झाले. पुणे व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थांमध्येही त्याच्या शाखा उभारण्यात आल्या. भारतीय परिस्थितीला अनुरूप, परवडणारी उपकरणे विकसित करणे हा त्याचा हेतू आहे. स्थानिक पातळीवर तयार होणाऱ्या उपकरणांचे सुटे भाग जवळ मिळण्याची शक्यता अधिक असल्याने अशा संशोधनाचा देखभालीच्या खर्चाशी थेट संबंध येतो.

तथापि ग्रामीण रुग्णालयांची तातडीची गरज अधिक साधी आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तंत्रनिकेतनातून विद्युत व इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेल्या तरुणांना अल्पकालीन प्रशिक्षण देऊन तालुका स्तरावर नेमल्यास, माल्किन व कीन यांच्या अभ्यासातील १०७ कौशल्यांसारखी मूलभूत कौशल्ये रुग्णालयाच्या जवळ उपलब्ध होऊ शकतात. उरलेल्या अवघड दुरुस्त्यांसाठी जिल्ह्याचा अभियंता व उत्पादकाची सेवा, अशी त्रिस्तरीय रचना कमी खर्चात अधिक उपकरणे चालू ठेवू शकते.